दादा, आम्ही समुद्र नव्हतो

दादा, तुझी शोकसभा रविवारी आहे आणि तिचं सूत्रसंचालन कोणी करायचं हा गावापुढे मोठाच प्रश्न पडला आहे. आजवर गावात जी काही सभा झाली, मग ती कुणाच्या सत्काराची असो की कुणाच्या मरणाची, माईक तुझ्याच हातात होता. आता तूच गेलास तर तो धरायचा कोणी? शाळेतल्या मंडळींनी माझ्याकडे बोट दाखवलं. सख्खी बहीण, त्यात मराठीची शिक्षिका, म्हणजे आयतीच सापडले. मी म्हटलं, बघू. मग काल दुपारी भाऊसाहेबांच्या माणसाचा फोन आला. ज्यांच्या गाडीचा हॉर्न ऐकला की आपला सरपंच चप्पल न घालता बाहेर धावतो, तेच भाऊसाहेब.

"ताई, भाऊसाहेब श्रद्धांजलीले येऊन राह्यले. पब्लिक किती जमन?"

मी फोन ठेवला आणि मला तुझा असा काही राग आला की हातातली भाजी तशीच टाकून अंगणात जाऊन बसले. भाऊसाहेबांचा नाही आला, त्या माणसाचाही नाही. तुझा आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तू जिवंत असताना तरी कुठे धड रागावू दिलंस? मी तोंड उघडलं की वहिनीला चहा टाकायला सांगायचास आणि विषय बदलायचास. म्हणून आता लिहिते आहे. आता तुला विषय बदलता येणार नाही.

तुला हे वेड लागलं ते रेडिओवरच्या क्रिकेटमुळे. बाबांनी अनसिंगच्या बाजारातून रेडिओ आणला होता तो बातम्या ऐकायला, पण तू त्याला कान लावून बसायचास. खेळ तुला कधी फारसा कळला नाही. कोण आऊट झालं हे तू मलाच विचारायचास. तुझे कान टवकारायचे ते मैदानातल्या गर्दीचं वर्णन सुरू झालं की. कपॅसिटी क्राउड. पॅक्ड टू द राफ्टर्स. ते शब्द तू खडीसाखरेसारखे तोंडात घोळवायचास. मग ज्वारीवर राघू उतरले की मचाणावर उभा राहून हात पसरायचास आणि ओरडायचास, "ॲन आर्मी ऑफ पॅरट्स!"

खालून बाबा म्हणायचे, "त्याईले इंग्रजी समजत असन त उडून जातीन बाप्पा. नाही त गोफन घे."

तू गोफण फिरवायचास, दगड भलतीकडेच जायचा, आणि राघू पोटभर खाऊन आपल्या सवडीनं उडायचे. मला आत्ताही हसू आलं. हे लिहायला बसले तेव्हा हसायचं नाही असं ठरवलं होतं.

एक सांगायलाच हवं, नाहीतर मी खोटी ठरेन. दहावीनंतर मला घरी बसवायचं बाबांनी जवळजवळ नक्की केलं होतं. तेव्हा तू मध्ये पडलास. दोन दिवस जेवला नाहीस, आणि जेवायला बसलास तेव्हा मंगरूळपीरच्या कॉलेजात माझं नाव घालून आला होतास. मी आज शाळेत उभी राहून पोरींना मराठी शिकवते ती तुझ्यामुळे. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. तुझ्याशी भांडायला लागणारी अक्कलही मला तूच मिळवून दिलीस, आणि ती तुला पुढे फार जड गेली.

तू इंग्रजीचा मास्तर झालास आणि माईक हातात आला. मग काय विचारता. आसेगावपासून धनजपर्यंत तुला बोलावणी यायची. आपल्या चिंचेखालच्या मंडपात, जिथे वर ताडपत्री आणि खाली सतरंजी, तिथे तू "पॅक्ड टू द राफ्टर्स" म्हणायचास. राफ्टर म्हणजे छपराचा वासा, इथे वासा कुठे आहे, असं मी विचारलं तर म्हणालास, "मंदे, वासा नसते पाहा लागत, जोर पाहा लागते." स्टेजवर चार खुर्च्या असल्या की ती "गॅलॅक्सी ऑफ डिग्निटरीज" व्हायची. त्या चार खुर्च्यांवर पोलीस पाटील, खताचा दुकानदार आणि त्याचे दोन साडू बसलेले असायचे.

आणि ते सोसायटीचं प्रकरण! आपल्याकडे सोसायटी म्हणजे एकच, गावाची सेवा सहकारी सोसायटी. तू भर सभेत स्टेजकडे हात करून म्हणालास, "आज क्रीम ऑफ द सोसायटी आपल्यासमोर बसलेली आहे." क्रीम म्हणजे मलई हे आता बिस्किटं खाणाऱ्या लेकरालाही माहीत असतं. सभेत खसखस पिकली. सोसायटीचा चेअरमन स्टेजवरच होता, तो लालबुंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या दारात.

"मास्तर, सोसायटीची मलई कोनं खाल्ली ते नाव घेऊन सांगा न. मोघम काहून बोलता?"

तू त्याला तासभर समजावलंस. त्याला पटलं नाही, आणि गावाला मात्र न समजावताच पटलं. पुढच्या निवडणुकीत तो पडला. पारावरचे लोक आजही म्हणतात की त्याला मास्तरच्या इंग्रजीनं पाडलं. गावातल्या कुणाचं तुझ्या इंग्रजीमुळे भलं झालं असेल तर ते तेव्हा एकदाच, आणि तेही चुकून.

आपला वाद मात्र तेव्हापासून सुरू झाला. मी म्हणायचे, आपल्या भाषेत काय कमी आहे रे? राघूंचा थवा, शेळ्यांचा कळप, माणसांची झुंबड, पाहुण्यांचा लोंढा, लग्नातली तोबा गर्दी. प्रत्येकाचा वेगळा वास येतो त्या शब्दांना. तू पान जुळवत म्हणायचास, "मराठीत गर्दी होते, मंदे. इंग्रजीत गॅदरिंग होते." शिक्षकांच्या खोलीत सगळे हसायचे, मीसुद्धा. मग एकदा मी विचारलं की स्टेजवरच्यांना तू तारे करतोस आणि सतरंजीवरच्यांना पाणी, असं का? त्यांना गॅलॅक्सी आणि आम्हाला 'सी ऑफ ह्युमॅनिटी', म्हणजे माणसांचा समुद्र. तू म्हणालास, "शोभेचं असते ते. तू लयच मनावर घेते." तुझं म्हणणं खरं मानून मी तेव्हा गप्प बसले. शोभेच्या वस्तूनं कुणाचं काय बिघडणार?

बिघडलं ते गेल्या दिवाळीच्या तोंडावर. आपल्या दवाखान्यातली डॉक्टरची जागा रिकामी होती. एक सिस्टर सगळं बघायची, रात्रंदिवस. तुझ्या घरामागच्या शांताबाईची सून बाळंतपणाला वाशिमला नेताना ऑटोतच अडली. सून वाचली, लेकरू गेलं. त्यानंतर शांताबाई चार दिवस घराबाहेर आली नाही, आणि पाचव्या दिवशी माझ्या दारात आली. "मंदाताई, कागद लिहून द्या," म्हणाली. मी निवेदन लिहून दिलं. नव्या सभागृहाच्या भूमिपूजनाला भाऊसाहेब येणार होते. त्यांच्या हातात ते द्यायचं, आणि डॉक्टर कधी देता ते सगळ्यांसमोर विचारायचं असं बायकांनी ठरवलं. शेतातली कामं सोडून, मजुरी बुडवून बाया आल्या. गावातल्या आल्या, वस्तीवरच्या आल्या, लेकरं काखेत घेऊन आल्या. सतरंजी पुरली नाही.

हे तुला माहीत होतं, दादा. आदल्या दिवशी मीच तुला सांगितलं होतं.

आणि तू माईक हातात घेऊन काय म्हणालास? "भाऊसाहेबांच्या स्वागतासाठी आज इथे अ सी ऑफ ह्युमॅनिटी उसळलेला आहे!" मग मराठीतही सांगितलंस की या माताभगिनी त्यांना आशीर्वाद द्यायला आल्या आहेत. भाऊसाहेब उठून उभे राहिले, हात जोडून चारही दिशांना वळले, फोटोवाल्यासाठी थोडे थांबले. मातृशक्तीवर अर्धा तास बोलले. शांताबाई कागद घेऊन दोनदा उठली, दोनदा तिला कुणीतरी खाली बसवलं. तिसऱ्यांदा ती स्टेजच्या पायरीशी पोचली तेव्हा तू आभार दोन वाक्यांत गुंडाळलेस आणि म्हणालास, "आता राष्ट्रगीत."

राष्ट्रगीत सुरू झालं की आपल्या गावात माणूस जागचा हलत नाही. तुझ्याच शाळेची शिस्त ती. शांताबाई पायरीशी ताठ उभी राहिली, हातातला कागद मांडीला चिकटवून. राष्ट्रगीत संपलं, कार्यकर्त्या पोरांनी भाऊसाहेबांभोवती कडं केलं, गाडीची दारं लागली, धूळ उडाली. ती तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आपल्या बायांचाच. खाली छापलं होतं की भाऊसाहेबांच्या स्वागताला महिलांचा जनसागर लोटला. बातमी तूच पाठवली होतीस. शांताबाई फोटोत पुढेच आहे, डोळे मोठे करून बघते आहे.

त्या संध्याकाळी गिरणीवर दळण घेऊन बसलेल्या बायांत एकच चर्चा होती. शांताबाईनं मला बघितलं आणि विचारलं, "मंदाताई, मास्तरनं आमाले शी कायले म्हनलं वो?"

मला आधी कळेना. मग कळलं. कर्ण्यातून तुझा 'सी' त्यांना 'शी' असा ऐकू आला होता. लहान लेकराची शी असते ना, ती. मी समजावलं की तो इंग्रजी शब्द आहे, सी म्हणजे समुद्र. मास्तरांनी तुम्हाला समुद्र म्हटलं, वाईट काही म्हटलं नाही.

"समुद्र म्हनलं का?" ती म्हणाली. "मंग कागद काहून नाही घेतला?"

बाकीच्या बाया हसल्या. त्यातल्या एकीनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मले त वाटते, आपून आयकलं तेच बरोबर हाय." मी हसू शकले नाही. गावात नंतर महिनाभर बाया एकमेकींना हाक मारताना "चाल वो, शी" असं म्हणायच्या. तुला कुणी सांगितलं नसेल.

मी तशीच तुझ्या घरी आले. तू झोपाळ्यावर बसला होतास, पेपर उघडा होता. मी विचारलं, हे काय केलंस? तुझा चेहरा खरंच गोंधळलेला होता. आजही तो चेहरा आठवला की मला ठरवता येत नाही.

"मी काय केलं? मी त त्याईले मोठंच केलं न, मंदे. बाया म्हनलं असतं त चार बाया राह्यल्या असत्या. मी समुद्र केला त्याईचा."

"समुद्राले डॉक्टर कायले लागते, दादा?"

तू पेपर घडी करून बाजूला ठेवलास. मग वहिनीला चहा टाकायला सांगितलास. मी चहा न घेता निघाले. भाऊबीजेला आले, ओवाळलं, ताटात पेढा ठेवला, तूही काही बोलला नाहीस आणि मीही नाही. त्यानंतर शाळेत आपण एकमेकांना नमस्कार करायचो, परके असल्यासारखा. मला तुला एकच विचारायचं होतं. राष्ट्रगीत तू मुद्दाम सुरू केलंस का? की सवयीनं तोंडातून गेलं? सवयीनं गेलं असेल तर मी तुला माफ केलं असतं. मुद्दाम केलं असेल तरी भांडभांड भांडून शेवटी माफच केलं असतं, दुसरं काय करणार होते? पण तू सांगायला हवं होतंस. तुझ्या जिभेवर एवढे शब्द होते, त्यातले दोन मला द्यायला तुला काय झालं होतं?

हे सगळं मनात ठेवून मी उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघत होते. सुट्टीत बसून बोलू म्हटलं. सुट्टी काही आली नाही.

मागच्या मंगळवारी सकाळी वहिनीनं भिंतीवरून हाक मारली ती शांताबाईला, कारण तीच सर्वांत जवळ. शांताबाईनं पोराला माझ्याकडे पिटाळलं आणि स्वतः तुला धरून बसली. मी आले तेव्हा तू घामानं निथळत होतास. दवाखान्यात नेलं. सिस्टरनं जिभेखाली गोळी ठेवली. "ताई, डॉक्टर असते त काही करता आलं असतं. तुमी वाशिमले घेऊन जा लवकर," असं म्हणाली. डॉक्टरची खुर्ची कपड्यानं झाकून ठेवली होती. गावातल्या राजूनं आपली जीप काढली.

जीपमध्ये तुझं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं आणि पाय शांताबाईच्या. ती तुझे तळवे चोळत होती. तुझे डोळे मिटलेले होते. मध्येच तू विचारलंस, "कोन कोन हाय वो?"

शांताबाई म्हणाली, "मी हाय मास्तर, शांता. वहिनीबाई हाय, मंदाताई हाय. राजू गाडी चालवून राह्यला. सगये हावो आमी."

"बरं," तू म्हणालास. बाकी काही नाही. वाशिमची पहिली घरं दिसायला लागली होती तेव्हा वहिनीनं तुझ्या तोंडाला पाणी लावलं आणि ते आत गेलं नाही.

गावात काही लोक कुजबुजतात. मास्तरला त्याचंच फळ मिळालं म्हणतात. परवा एकानं माझ्यासमोर म्हटलं तेव्हा मी त्याला असं झापलं की तो चहा अर्धा टाकून गेला. तुझं मरण म्हणजे कुणाला धडा शिकवायची गोष्ट नाही. शांताबाईच्या सुनेचं लेकरूही कुणाचं पाप फेडायला गेलं नव्हतं. डॉक्टर नव्हता म्हणून ते गेलं आणि डॉक्टर नव्हता म्हणून तू गेलास, इतकं साधं आहे ते. मला राग येतो तो याचाच की हे साधं वाक्य तुझ्यासारख्या बोलक्या माणसाच्या तोंडून एकदा माईकवर आलं असतं, तर त्यात इंग्रजीची काहीच गरज पडली नसती.

आणि तरीही दादा, शाळेत तुझ्या वर्गावरून जाताना पाय अडखळतो. तुझी आठवीची पोरं खिडकीतून मला बघतात. ऑफ तासाला पंखा बंद करून, स्वतःचा आवाज कळावा म्हणून सगळ्यांना कानावर हात ठेवायला लावून तू त्यांना इंग्रजी कविता म्हणायला लावायचास, ती गडबड आता नाही. मला ती गडबड हवी आहे. तुझं ते "मंदे" हवं आहे. आपलं भांडण हवं आहे, दोघांनी समोरासमोर बसून घातलेलं.

आता शोकसभेचं सांगते. काल फोन आल्यावर मी वहिनीकडे गेले आणि म्हटलं, भाऊसाहेब येणार आहेत, शांताबाई आणि बाया पुन्हा निवेदन द्यायचं म्हणतात. वहिनी, तुझी काय इच्छा? मी अर्धी तयारी करूनच गेले होते की ती चिडेल, आणि चिडलीच. भिंतीला टेकून बसली होती, कपाळ रिकामं.

"मंदाताई, तुमच्या भावाची शोकसभा हाय ते. मोर्चा नोका करू त्याचा. लोक काय म्हनतीन?"

खरं तर मला वाटलं, तिचंही बरोबर आहे. निदान एक दिवस तरी माणसाला नुसतं रडून घेता यावं. मी उठले. दारात चप्पल घालत होते तेव्हा मागून वहिनीचा आवाज आला. तो आवाज मी याआधी कधी ऐकलेला नाही. तुझ्यासमोर ती हळूच बोलायची, आणि तुझ्या पाहुण्यांसमोर तर बोलायचीच नाही.

"त्याईले येऊ द्या भाऊसाहेबाले. खुर्ची द्या, हार घाला. पन कागद शांताबाईच्या हातात नोका देऊ. तिले पुन्हा खाली बसवतीन. मी देतो."

"वहिनी, तू?"

"मंग कोन? जीपमधी माह्या मांडीवर गेले ते. माह्या हातातून घेत नाही त पाहू दे साऱ्या गावाले." मग तिनं विचारलं, "माईक कसा धरतेत वो? तोंडाजवय की जरा दूर?"

मी परत आत आले आणि तिच्यासमोर बसले. हातात लाटणं घेऊन दाखवलं, असा धरायचा. तिनं लाटणं धरलं. आधी नुसतीच धरून बसली. मग स्वतःचं नाव म्हणाली, पुरतं, माहेरच्या नावासकट. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हणाली. इतकी वर्षं तुझ्या घरात माईक होता, दादा, आणि तो कसा धरतात हे तुझ्या बायकोला मी काल लाटण्यावर शिकवलं.